खिमा परतायचा नाही



मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे कशी आली, हे तुम्हाला ठाऊक आहे; त्यात वेळ घालवत नाही. आजची ‘चिली’ म्हणजे अमेरिकेतला मांसाचा तिखट रस्सा. मी थेट ओहायोतल्या सिनसिनाटीला येतो.

तिथल्या हॉटेलांसारखी चिली घरी का जमत नाही? कारण आपण खिमा परततो. तो परतायचा नाही! कच्चा खिमा गार पाण्यात हातानं कुस्करून दाणा न् दाणा मोकळा करायचा आणि मगच पातेलं आचेवर ठेवायचं. कांदा, लसूण, टोमॅटो, तिखट, जिरं, व्हिनेगर. शिवाय दालचिनी, लवंग, ऑलस्पाइस. तीनेक तास मंद आच. रात्रभर गार ठेवून सकाळी वर थिजलेली चरबी काढून टाकायची. (मागून : ‘म्हणजे तर्रीच फेकायची?’ हशा.) हसा, पण काढाच. त्याशिवाय तो रस्सा स्पॅगेटीवर नीट बसत नाही. वर किसलेलं चेडर चीज, हवा तर कांदा, हवा तर राजमा.

टेक्सासची माणसं हिला चिली मानत नाहीत. त्यांची चिली म्हणजे मांस आणि सुक्या मिरच्या. राजमा दिसला की भांडण. १९७७मध्ये तिथल्या विधिमंडळानं चिलीला राज्याचा पदार्थ ठरवलं. पण ती चिली लोकांपर्यंत नेली कोणी? तिथल्याच सॅन अँटोनियोच्या चौकांत संध्याकाळी टेबलं मांडून, कंदील लावून चिली विकणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या बायकांनी. ‘चिली क्वीन्स’ म्हणत त्यांना. घरी शिजवायचं, गाडीतून आणायचं, चौकात शेगडीवर गरम ठेवायचं. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात सॅन अँटोनियोच्या चिलीचा ठेला लागला. पुढे १९३०च्या दशकात आरोग्याच्या नियमांवर बोट ठेवून याच बायकांना चौकातून उठवलं. आणि तयार चिली पावडर बाजारात आणून नाव कमावलं ते गेबहार्ट या जर्मन माणसानं, १८९०च्या दशकात! या बायकांबद्दल मला खूप बोलायचं होतं, पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं.

तर सिनसिनाटी. १९२२मध्ये मॅसेडोनियातून आलेल्या किराजिएफ बंधूंनी एम्प्रेस थिएटरशेजारी दुकान थाटलं आणि आपल्या मायदेशातले मसाले चिलीत घातले. स्कायलाइन ही तिथली चिली-हॉटेलांची साखळी १९४९ची, तिचे संस्थापक लॅम्ब्रिनिडीस ग्रीसहून आलेले. ही नक्कल आहे का? मुळीच नाही. एका गावानं शंभर वर्षं एकाच रीतीनं रांधलेलं अन्न अस्सलच असतं. गाव म्हणजे ते अन्न जिथे जन्मलं तेच असलं पाहिजे, हा हट्ट मला मान्य नाही. रीत मात्र सोडायची नाही. दालचिनी थोडी कमी-जास्त झाली तर चालेल. परतणं चालणार नाही.

(श्रोत्यांतून : ‘मटणाचा खिमा चालेल?’) चालेल. खाटकाकडून दोनदा बारीक करून घ्या. चरबी सुटेल, ती काढा. (‘सोयाबीन?’) त्याला मांसासारखी चरबी नाही, रस नाही, त्याचं वेगळं काहीतरी करा, चांगलं होईल. आणि वहिनी, कांदा-लसूणसुद्धा तेलात टाकायचे नाहीत. सगळं त्याच पाण्यात. हो, अगदी सगळं!