हत्तीचा माहूत

मी नेमकं काय करतो, असं सगळे विचारतात. शेकडो संगणकांत वाटलेली रोजची कामं वेळेवर सुरू करतो. हदूप ही त्यांची प्रणाली. नाव एका मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीचं. वेळापत्रक सांभाळते उझी, म्हणजे ब्रह्मी भाषेत माहूत!

नुसत्या घड्याळावर भागत नाही. आपल्याकडचं जिनिंग आठवा: कापसाच्या गाड्या आल्याशिवाय यंत्र सुरू करून काय उपयोग? उझी वेळही बघते आणि माहिती पोचली का, हेही. काम मध्येच पडलं तर पुन्हा चालवायचं, पण हिशेब दुबार लागता कामा नये. झोप उडते ती तिथंच. शिवाय तिचं घड्याळ मुळात साडेपाच तास मागे. आपल्या मध्यरात्रीचं काम तिला आदल्या सायंकाळी साडेसहाचं म्हणून सांगावं लागतं. नवी पोरं हमखास इथंच अडकतात.