टॅबच्या आधी शिक्षक
(नाहूर येथील सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



"पाड्यावरच्या मुलांना टॅब देऊ या," असे आपल्यापैकी अनेकजण प्रेमाने म्हणतात. माझी विनंती एवढीच, की आधी शिक्षकांची तयारी करू या.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. त्यांचे क्यूआर कोड सर्वांना ठाऊक आहेत. पण मुलांच्या घरी कन्नड बोलतात म्हणून गुरुजी स्वतः कन्नड शिकले, पुस्तके मुलांच्या भाषेत आणली आणि त्यांत कोड घातले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येई, गोष्ट दिसे.

आपल्या नाहूरच्या पश्चिमेला, राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवरही घरची बोली वारली आणि पुस्तकाची भाषा प्रमाण मराठी. मूल अक्षर ओळखते, पण अर्थ लागत नाही.

म्हणून शिक्षकांना हे शिकवू या: मुलाला त्याच्या बोलीत गोष्ट सांगू द्या, ती मोबाइलवर रेकॉर्ड करा. तीच वाक्ये फळ्यावर लिहा. आवाज पुन्हा लावा; मुलाने शब्दावर बोट ठेवून वाचावे. मग बोलीतल्या शब्दाशेजारी पुस्तकातला शब्द लिहा. याला एक मोबाइल पुरतो, नेटही लागत नाही.

देणगी देताना टॅब किती, हे जरूर विचारा. प्रशिक्षणाचे दिवस किती, हेही विचारा. पाड्यावरची वारली बोलणारी एखादी ताई शिक्षकांसोबत बसणार असेल, तर तिच्या मानधनालाही हातभार लावा.