चिचांब्याचे आठ स्वार



लढाईंतील पदक म्हटलें कीं सोन्यारुप्याचा लखलखाट डोळ्यांपुढें येतो. परंतु इंग्रज साम्राज्यांतील सर्वांत मानाचें शौर्यपदक साध्या काशाचें होतें. १८५६ सालीं राणी व्हिक्टोरियानें तें सुरू केलें. सेबॅस्टोपोल येथें हस्तगत केलेल्या रशियन तोफांचें तें कांसें, अशी परंपरा आहे. पुढील संशोधकांनीं मात्र तिजविषयीं शंका घेतली आहे. असा एक व्हिक्टोरिया क्रॉस आपल्या हिंगोलीशीं जोडलेला आहे. त्याची हकीकत आज सांगतों.

हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यांतच होती. तेथें पूर्वीं मोठी छावणी असे. फौज निजामाच्या नांवाची, अंमलदार इंग्रज. १८१३ सालीं रेसिडेंट हेन्री रसेल यानें उभारलेल्या रसेल ब्रिगेडपासून तिचा वंश सुरू होतो. पायदळ, रिसाला आणि तोफखाना अशीं तिचीं तीन अंगें होतीं. १८५३ च्या तहानें तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणूं लागले आणि तिच्या खर्चासाठीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हातीं गेला. म्हणजे या फौजेचा पगार वऱ्हाडच्या कुणब्याच्या साऱ्यांतून निघत होता.

या फौजेच्या दुसऱ्या रिसाल्यांत कॅप्टन हर्बर्ट मॅकवर्थ क्लॉग्स्टन हा अंमलदार होता. जन्म १८२० चा, दूर वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावरचा. मूळ नेमणूक मद्रासच्या एकोणिसाव्या पलटणींत. १५ जानेवारी १८५९ रोजीं रिसोडच्या बाजूस चिचांबा येथें त्यानें अवघ्या आठ स्वारांनिशीं शत्रूवर घोडे घातले. शत्रूस पुनः गांवांत शिरणें भाग पडलें व शेवटीं लूट टाकून द्यावी लागली. क्लॉग्स्टन स्वतः जबर जखमी झाला आणि आठांपैकीं सात स्वार त्यानें गमावले. या कृत्याबद्दल त्यास क्रॉस मिळाला. पुढें ६ मे १८६२ रोजीं हिंगोली येथेंच तो लढाईंत पडला.

शाळेंत ही हकीकत सांगितली कीं एखादा मुलगा हमखास विचारी, “गुरुजी, त्या सातांचीं नांवें काय?” प्रश्न बिनतोड होता. क्रॉसच्या प्रशस्तींत तीं नाहींत. तेथें फक्त आकडा आहे.

त्या रिसाल्याची रीत शिलेदारीची होती. सरकार पगार देई; घोडा स्वारानें आपला आणावा. दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराचा घोडा पडला म्हणजे घरचें भांडवल बुडालें. स्वार पडला म्हणजे कर्ता पुरुष गेला. इतकें पणास लावूनही व्हिक्टोरिया क्रॉस त्यांस मिळणें शक्यच नव्हतें. हिंदी शिपायांसाठीं १८३७ पासून ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा निराळा मान होता. क्रॉसचें दार त्यांना १९११ सालीं उघडलें. मग १९१४ सालीं बेल्जमच्या रणांगणावर खुदादाद खान यांनीं तो मिळविला. दुसऱ्या महायुद्धांत तोफखान्याचे हवालदार उमराव सिंग आणि मराठा पलटणीचे यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांनीं. शौर्य १९११ सालीं जन्मास आलें नव्हतें. तें पाहण्याची दृष्टि मात्र तेव्हां आली.

आणखी एक गोष्ट. प्रशस्तींत प्रतिपक्षास ‘बंडखोर’ म्हटलें आहे. तो शब्द राज्यकर्त्यांचा आहे. परंतु लुटीचा उल्लेखही तेथेंच आहे, आणि ज्याचें घर लुटलें गेलें त्यास हा वाद कोठून सुचणार? म्हणून क्लॉग्स्टनचें धैर्य आम्हीं नाकारूं नये, आणि परक्या सत्तेची चाकरी केली म्हणून त्या आठांचेंही नाकारूं नये. पोट आणि इमान हीं दोन्ही त्या खोगिरावर एकत्रच बसलेलीं होतीं.

शेवटीं एक विनंति. आपल्यापैकीं कोणाच्या घरीं जुन्या पेटींत आजोबा-पणजोबांचें एखादें लष्करी पदक असेल. तें सोनाराकडे मोडींत घालण्यापूर्वीं त्याची कड उजेडांत धरून पाहा. पहिल्या महायुद्धाच्या रुप्याच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव आणि पलटण कोरलेली असते. तीं अक्षरें वहींत उतरून ठेवा. चिचांब्याच्या सातांसाठीं आतां आपल्याला तेवढें करतां येत नाहीं. आपल्या घरच्या माणसासाठीं अजून येतें.