खुराड्याला वारा हवा



आज कापसाच्या भावावर नाही, खुराड्यावर बोलू. हसू नका. अंड्यांचा पैसा घरच्या लक्ष्मीच्या हातात रोख पडतो, कर्जात वळता होत नाही.

आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे, तरी पहिले खुराडे चुकलेच. मांजर शिरेल म्हणून चारी बाजूंनी पत्रा, दार कमरेएवढे. मे महिन्यात एका दुपारी नऊ कोंबड्या गेल्या. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकते तेव्हा अंगातली उष्णता निघते. कोंडलेल्या दमट हवेत त्या धापाही वाया जातात. वर ओल्या विष्ठेचा अमोनिया. आत वाकलात आणि डोळे चुरचुरले, तर समजा कोंबडी तेच रात्रभर सोसते.

आता आम्ही लांबी पूर्व-पश्चिम धरतो. लांब बाजूंनी सकाळ-संध्याकाळचे ऊन आत येत नाही. खाली दीड फूट भिंत, वर छपरापर्यंत अर्ध्या इंचाची जाळी, पावसासाठी वळचण तीन फूट बाहेर. कोंबडीमागे दोन चौरस फूट जागा. पत्र्यावर तुराटी टाकतो. पऱ्हाटी नको, तिच्या कवड्यांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या कापसावर येते. कडबा तर बैलांचाच.

आणि दार. सफाई कोण करते? बाईच. तिला टोपले घेऊन उभ्याने शिरता आले पाहिजे, नाहीतर विष्ठा आतच साचते. आमचे दार आता साडेपाच फूट आहे. मुंगूस एकदाच शिरले. कडी लावायला आम्हीच विसरलो होतो.