‘तुमच्याबरोबर कोण राहणार?’

(आपल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)

मला आज कायद्यावर बोलायला सांगितलं आहे. पण सुरुवात मी माझ्या घरापासून करते. घर म्हणजे भाड्याचं. पुण्यात नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. एक बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. ते मिळवायला मला चार महिने लागले.

‘पेठेतच कशाला? याच भाड्यात लांब मोठा फ्लॅट मिळेल,’ एजंट म्हणाला. खरं होतं ते. पण आपल्या कामात पोलीस चौकीतून बाहेर पडायला कधी रात्रीचे दहा वाजतात. मला गाडी चालवता येत नाही. पेठेतून मंडई, लक्ष्मी रस्ता, दवाखाना, बसथांबा, सगळं पायी. रात्री औषधाचं दुकान उघडं असतं, रस्त्यावर माणसं असतात. ‘मला सोडायला कोण येईल?’ असं विचारावं लागत नाही. बाईच्या स्वातंत्र्यात ही गोष्ट किती मोठी आहे, ते आपण सगळ्याच जाणतो.

घरं पाहायला गेले की पहिला प्रश्न ठरलेला. ‘तुमच्याबरोबर कोण राहणार?’ कोणी नाही म्हटलं की पुढचा, ‘मग मिस्टर?’ एका काकूंनी चहा दिला, घर दाखवलं आणि म्हणाल्या, ‘माझं काही नाही हो, पण सोसायटीतले बोलतात.’

शेवटी एक मालक तयार झाले. म्हणाले, ‘तुमच्या वडिलांशी बोलणं करून द्या.’ मी चौतीस वर्षांची, एम.एस.डब्ल्यू. झालेली, भाडं माझ्या पगारातून जाणार. तरी मी फोन लावून दिला. बाबांनी दोन मिनिटांत काम केलं. माझी पगाराची स्लिप कोणी पाहिलीसुद्धा नाही. घर मिळालं याचा आनंद झाला, आणि स्वतःची लाजही वाटली.

त्याच महिन्यात आपल्या केंद्रात येणाऱ्या एका बाईंना कोर्टाचा आदेश मिळाला. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005. त्याच्या कलम 19 खाली, नवऱ्यानं पर्यायी घर द्यावं किंवा त्याचं भाडं द्यावं, असा आदेश होऊ शकतो. तसा झाला. त्या सदाशिव पेठेत चार घरी पोळ्या करतात, म्हणून जवळच खोली हवी होती. आदेश पाहून मालक म्हणत, ‘कोर्टाची भानगड नको.’ वडील नाहीत, भाऊ बोलत नाही. फोनवर देण्यासाठी त्यांच्याकडे पुरुषाचा आवाज नव्हता. त्या मला म्हणाल्या, ‘ताई, भाडं द्यायचा आदेश आहे, पण कुठल्या घराचं?’ आता त्या धायरीला मावसबहिणीकडे राहतात. जाण्यायेण्यात वेळ जातो म्हणून दोन घरची कामं सुटली.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999, कलम 55. भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्यानं ती केली नाही, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणून नुसत्या स्टॅम्पपेपरवर सही करून समाधान मानू नका. डिपॉझिटची पावती घ्या. ‘पाहुणे आणायचे नाहीत’ असं कोणी नंतर म्हणू लागलं, तर करार काढून दाखवा. आणि तारीख लक्षात ठेवा. लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते.

पण एकट्या बाईला घर नाकारू नका, असं हा कायदा कुठेही म्हणत नाही. तिथे आपल्यालाच उभं राहावं लागेल.

दोन गोष्टी सुचवते. पहिली, ज्या बाईकडे वडिलांचा फोन नंबर नाही, तिच्यासाठी आपल्या संघटनेचा नंबर द्यायचा. मालकाशी आपण बोलायचं, कराराला साक्षीदार म्हणून आपण जायचं. दुसरी जरा अवघड आहे. इथे बसलेल्यांपैकी काहींचा दुसरा फ्लॅट भाड्यानं दिलेला आहे. एजंटाला आपण काय सांगितलं होतं? ‘फॅमिलीच हवी’ असं सांगितलं असेल, तर मला घर नाकारणाऱ्या त्या काकू परक्या नाहीत. आपल्यातल्याच आहेत.

त्या पोळ्या करणाऱ्या बाई अजून पेठेत खोली शोधताहेत. कोणाकडे असेल तर आज जाण्यापूर्वी मला भेटा.