शेडमधली चाल आणि रस्त्यावरचे ओझे



मोटारसायकलचे इंजिन चारचाकीला बसवले, तर त्याचा कार्बोरेटर कसा लावावा, हा आजचा विषय. व्याख्यानमालेत गॅरेज कशाला, असे कोणी विचारील. आमची शाळा लवकर सुटली; उभे आयुष्य कामगारांत गेले. जे शिकलो ते काळ्या हातांच्या माणसांकडूनच.

सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले आणि पुढच्याच महिन्यात बदल्यात नवी बोलेरो दिली. कौतुक सर्वांनी केले. दुचाकीच्या इंजिनाने चारचाकी ओढायची म्हणजे त्याच्यावर काय गुदरते, हे थोड्यांनीच विचारले.

कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथे दाब उतरतो आणि वाटीतले पेट्रोल वर ओढले जाते. एक भाग पेट्रोल पुरते जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. कारखान्यासारख्या इथेही तीन पाळ्या आहेत: अॅक्सिलरेटर मिटलेला असताना बारीक जेट आणि हवेचा स्क्रू, मध्यावर सुई, पूर्ण उघडल्यावर मोठा जेट.

शेडमध्ये आपण पहिल्याच पाळीचा हिशेब पाहतो. इंजिन शांत चालले की काम झाले! पण ओझ्याखाली गाडी बराच वेळ तिसऱ्या पाळीवर राहते. त्यात जागेअभावी एअर फिल्टर किंवा सायलेन्सर बदललेला असला, तर हवेचे प्रमाणही बिघडते. दुचाकीवर क्षणभर खपणारी चूक इथे तासभर चालते. पेट्रोल कमी पडले, की पिस्टन तापून जाम होतो.

आम्हीही एकदा फसलो. एका सोबत्याची अशी गाडी शेडमध्ये छान चाले. शेतवाटेवर वळण आले की खोकून बंद पडे. दोनदा जेट साफ केले, व्यर्थ. मग सही करण्यापुरतेच लिहिणारा एक म्हातारा मिस्त्री म्हणाला, “भाऊ, फटफटी वळताना झुकते, ही झुकत न्हाई. पेट्रोल वाटीच्या एका बाजूला चढतंय.” पाहिले, तर जागा पुरेना म्हणून कार्बोरेटरही कललेला बसवला होता. तो सरळ केला, फ्लोटची पातळी लावली. गाडी वळू लागली.

तेव्हा आधी पातळी पाहावी, मग जेट. एका वेळी एकच बदल करावा. नवा प्लग लावून, ओझ्यासह, पूर्ण अॅक्सिलरेटरवर गाडी पळवावी. तिथेच इंजिन बंद करून क्लच दाबावा आणि प्लग काढून पाहावा. पांढरा असेल तर पेट्रोल कमी, काजळी असेल तर जास्त, तांबूस असेल तर ठीक. हे सारे खाजगी मोकळ्या जागेत. कारण अशी गाडी नोंदणीशिवाय रस्त्यावर आणणे कायद्याला मंजूर नाही. बंद शेडमध्ये तर इंजिन चालवूच नये. तो धूर माणूस मारतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून साधा कार्बोरेटर गेला. यंत्र सुधारले, त्याचे दुःख नाही. पण कानाने इंजिन ओळखणाऱ्या मिस्त्रीला नवे शिक्षण कोण देणार? आणि त्याच्यापाशी आहे ते कोण लिहून घेणार? तुमच्यापैकी शिकलेल्या मुलांनी एक वही घेऊन त्याच्या शेडमध्ये जावे, एवढीच आमची विनंती आहे.