कमरेवरची कळशी

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चाळिशी उलटल्यानंतर दरसाल जी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते, तिच्या अखेरीस डॉक्टरांनी माझा कागद पुढे सरकवला आणि एका आकड्याखाली रेघ ओढली. तो आकडा माझ्या वजनाचा होता: ८४ किलो. माझी उंची १७० सेंटिमीटर. मी पळावयास जातो हे डॉक्टरांना ठाऊक होते. त्यांनी एवढेच विचारले की, पळावयाचेच आहे तर हे ओझे बरोबर कशासाठी नेता?

मी नेमाने पळत होतो हे खरे. दिल्लीतल्या नोकरीत पहाटेचा एक तास तेवढा माझा स्वतःचा उरतो. तो मी लोदी उद्यानात घालवीत असे. परंतु दोन वर्षांच्या सरावानंतरही दहा किलोमीटरला मला ६८ मिनिटे लागत, आणि साठी ओलांडलेले एक काटक गृहस्थ रोज मला नमस्कार करून पुढे निघून जात. आपला सराव अपुरा पडतो अशी माझी समजूत होती. डॉक्टरांच्या प्रश्नाने मला दुसऱ्या बाजूने विचार करावयास लावले.

श्रोतेहो, आठ लिटर पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेऊन दहा किलोमीटर पळावयास कोणी सांगितले, तर आपण त्यास वेड्यात काढू. पण तेच आठ किलो चरबीच्या रूपाने पोटाभोवती असले की त्यांचा भार आपल्याला जाणवत नाही, कारण तो हळूहळू चढलेला असतो. १९७८ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी ही कळशी खरोखरच धावपटूंच्या अंगावर चढवून पाहिली. त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या पाच, दहा आणि पंधरा टक्के इतके जादा वजन बांधून त्यांना बारा मिनिटे पळावयास लावले. दर पाच टक्के ओझ्यामागे त्यांनी तोडलेले अंतर सरासरी ९० मीटरांच्या आसपास घटले.

याचे कारण समजण्यास सोपे आहे. पळताना आपण प्रत्येक पावलाला सारे शरीर उचलतो आणि पुन्हा झेलतो. त्या कामास प्राणवायू लागतो. शंभर वर्षांपूर्वी, १९२३ च्या सुमारास, ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने स्वतः पळून आणि आपला श्वास पिशवीत साठवून असे दाखविले की, शरीर दर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकते यास एक मर्यादा असते. समजा, एका माणसाची ही मर्यादा ३.२ लिटर आहे आणि त्याचे वजन ८० किलो आहे. म्हणजे त्याच्या वाट्याला दर किलोमागे ४० मिलिलिटर प्राणवायू आला. त्याच माणसाची आठ किलो चरबी उतरली, तर तोच प्राणवायू ७२ किलोंत वाटला जाईल आणि दर किलोमागे ४४ मिलिलिटरांहून थोडा अधिक येईल. हृदय तेच, फुप्फुसे तीच. खाणारी तोंडे तेवढी कमी झाली. शिवाय पळताना पाऊल टेकते तेव्हा जमिनीचा दाब वजनाच्या दुपटी-अडीचपटीने पायावर येतो. आठ किलो उतरले, तर प्रत्येक पावलाचा सोळा ते वीस किलोंचा भार हलका होतो, आणि दहा किलोमीटरात अशी नऊ-दहा हजार पावले पडतात.

हे गणित मला इतके पटले की, मी ते एका महिन्यात सोडवावयास निघालो. रात्रीचे जेवण बंद केले, भात-पोळी वर्ज्य केली, आणि पळणे मात्र पूर्वीइतकेच ठेवले. तीन आठवड्यांत चार किलो उतरले. पण पाच किलोमीटरनंतर पाय शिशाचे होऊ लागले, नडगीत ठणका सुरू झाला, एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली; आणि दहा किलोमीटरला लागली ७१ मिनिटे! मी हलका झालो होतो आणि मंदही झालो होतो.

माझी चूक अशी की, मी काटा पाहिला. काय उतरत आहे ते पाहिले नाही. उपासाने प्रथम जाते ते स्नायूंत साठविलेले पिष्ट आणि त्याच्याबरोबरचे पाणी. पाठोपाठ स्नायूही झिजू लागतात. कळशी रिकामी करण्याऐवजी मी कळशी उचलणारा हातच कृश करीत होतो. सराव जोरात आणि अन्न अपुरे अशी अवस्था फार काळ राहिली, तर हाडे ठिसूळ होतात आणि स्त्रियांची पाळी अनियमित होते, प्रसंगी थांबतेही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या विकारावर सर्व क्रीडापटूंना मुद्दाम सावध केले. जे मुळातच सडपातळ आहेत, त्यांनी वेगासाठी वजन उतरविण्याच्या फंदात पडूच नये.

दुसऱ्या खेपेस मी शहाणा झालो होतो. पळण्यात दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक उष्मांक खर्च होतो. एक किलो चरबीत मात्र सुमारे ७७०० उष्मांक असतात. म्हणजे केवळ पळून एक किलो चरबी उतरवावयाची, तर मला नऊ-दहा वेळा दहा-दहा किलोमीटर पळावे लागणार. उलट कचेरीत कोणाची बढती झाली की पेढे, बदली झाली की सामोसे, आणि दोन्ही नसले तरी बैठकीतली बिस्किटे! पहाटे तासभर मिळविलेले मी दुपारच्या दहा मिनिटांत परत करीत होतो. म्हणून प्रथम ही मधली खाणी सोडली आणि चहातली साखर सोडली. भात निम्मा केला, पण पानात वरण, उसळ, दही आणि अंडी वाढविली. आठवड्यातून दोन दिवस पळण्याऐवजी जोर-बैठका काढल्या, म्हणजे स्नायू टिकावे. रात्री कधीही उपाशी झोपलो नाही.

नऊ किलो उतरण्यास आठ महिने लागले. दहा किलोमीटरची वेळ ६१ मिनिटांवर आली. त्यांतली किती मिनिटे वजनाची आणि किती सरावाची, याचा हिशेब मांडण्याचा हट्ट मी करीत नाही. दोन्ही एकमेकांच्या हातात हात घालूनच आली. मला अधिक समाधान आहे ते दुसऱ्या एका गोष्टीचे. माझ्या वडिलांना पन्नाशीत मधुमेह जडला आणि त्यांची अखेरची वर्षे त्याने जड केली. माझीही रक्तशर्करा सीमेवर येऊन उभी होती. ती आता मागे सरली आहे.

अर्थात वाट संपलेली नाही. किलोंतल्या वजनास मीटरांतल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो अंक येतो, तो माझ्या बाबतीत २९ वरून २६ वर आला आहे. आपणां आशियाई लोकांना तुलनेने कमी वजनावरही मधुमेह गाठतो, म्हणून २३ पासूनच सावध असावे असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली सुचविले. तेव्हा कळशीत अजून पाणी आहे. ते सांडावयाचे नाही, सावकाश ओतावयाचे आहे.

लोदी उद्यानातले ते गृहस्थ आजही माझ्या पुढेच असतात. पण हल्ली नमस्कार झाल्यावर चार शब्द बोलून होईपर्यंत मी त्यांच्या बरोबरीने पळतो.